सुडीवरचा उजेड

आम्ही विद्यार्थी असतांना आमच्या महाविद्यालयाच्या ग्रंथसंग्रहांत युरोपीय चित्रकलेवरील एक जाडजूड इंग्रजी ग्रंथ होता. त्यांतील बहुतेक चित्रें काळ्या-पांढऱ्या छपाईचीं होतीं. ग्रंथाच्या शेवटच्या भागांत एका पानावर चार चित्रें एकत्र छापलेलीं असून तीं चारही आमच्या दृष्टीला एकच दिसत: मोकळें शेत, मागें झाडांची रेघ, आणि पुढें डोक्यावर टोपी घातल्यासारखी एक रास. चित्रकाराचें नांव क्लोद मोने. खालच्या मजकुरावरून कळे कीं, एक चित्र सरत्या उन्हाळ्याचें, एक धुक्याचें, एक बर्फ पडल्यानंतरचें व एक सूर्यास्ताचें आहे. परंतु काळ्या शाईला ऋतु कोठून ठाऊक असणार? एका माणसानें एकच वस्तु पंचवीस वेळां काढावी आणि जगानें त्याची वाहवा करावी, हें आम्हांस त्या वयांत श्रीमंत देशांतील रिकामटेकडेपणाचें लक्षण वाटलें. आणि तसें आम्हीं वादविवादमंडळांत मोठ्या आवेशानें बोलूनही दाखविलें. आज पन्नाशी उलटल्यावर त्या भाषणाची आठवण झाली म्हणजे ओशाळल्यासारखें होतें. प्रस्तुत लेख म्हणजे त्या भाषणास आम्हींच उशिरां दिलेलें उत्तर आहे, असें वाचकांनीं समजावें.

प्रथम नांवाचा घोटाळा दूर केला पाहिजे. या चित्रमालेला इंग्रजींत रूढ झालेलें नांव ‘गवताच्या गंज्या’ अशा अर्थाचें आहे, व तें चुकीचें आहे. मोनेनें रंगविली ती गुरांची वैरण नव्हे. कापलेल्या, परंतु अद्याप न मळलेल्या गव्हाच्या पेंढ्यांची ती सुडी होय. हा भेद आम्हांस कोणा कलासमीक्षकानें शिकविला नाहीं. कांहीं वर्षांपूर्वीं या मालेंतील चित्रांच्या उत्तम रंगीत प्रती आमच्या हातीं आल्या, त्या आम्ही सुटींत गांवीं घेऊन गेलों होतों. आमचे थोरले चुलते, ज्यांना घरांत सर्व आप्पा म्हणतात, त्यांनीं चष्मा लावून त्या पाहिल्या आणि म्हणाले, “ही गंज नव्हे रे. दाणा आंत आहे. बघ, वरून कशी शाकारली आहे. पण मागचीं झाडें झडून गेलीं तरी यांनीं मळणी कां केली नाहीं?” प्रश्न अगदीं बिनतोड होता. पुढें शोध घेतां त्याचें उत्तर असें मिळालें कीं, त्या काळीं नॉर्मंडीच्या खेड्यांतून मळणीयंत्रें थोडीं असत व तीं गांवोगांव फिरत; आपल्या गांवची पाळी येईपर्यंत सुड्या शेतांतच उभ्या ठेवाव्या लागत, आणि पाळी येतां येतां हिंवाळा सरे. मोनेला एकाच सुडीवरून तीन ऋतूंचा उजेड जातांना पाहावयास मिळाला, तो या यंत्राच्या वाट पाहण्यामुळें.

युरोपांत चित्रकार ऋतु काढूं लागला तो उजेडासाठीं नव्हे, कामांसाठीं. पंधराव्या शतकाच्या आरंभीं फ्रान्समधील बेरीच्या ड्यूकसाठीं लिंबुर्ग बंधूंनीं प्रार्थनापोथी चित्रित केली. ती पुरी होण्यापूर्वींच, १४१६ सालीं, ते बंधु व ड्यूक सर्व मरण पावले. त्या पोथींतील बारा महिन्यांचीं पानें प्रसिद्ध आहेत. फेब्रुवारीच्या पानावर बर्फानें झांकलेलें शेतघर आहे. आंत माणसें वस्त्रें वर धरून शेकत बसलीं आहेत, मेंढरें एकमेकांना चिकटून उभीं आहेत, बाहेर पांखरें सांडलेले दाणे टिपीत आहेत, आणि कोणी एक गाढव हांकीत दूरच्या गांवाकडे निघाला आहे. महिना ओळखावयाचा तो माणूस काय करतो आहे यावरून. आपल्याकडील बारामासा चित्रांतही यापेक्षां निराळें काय आहे? केशवदासानें १६०१ मध्यें ‘कविप्रिया’ रचली आणि पुढें बुंदी, कोटा व पहाडी दरबारांतील चित्रकारांनीं तिच्यांतील महिने रंगविले. श्रावण म्हटला कीं काळे ढग, वीज, मोर. फाल्गुन म्हटला कीं रंगाच्या पिचकाऱ्या. दोन प्रहर काय आणि सायंकाळ काय, गच्चीवरच्या नायिकेची सावली बहुधा पडतच नाहीं. आमच्या चित्रांत छायाप्रकाश नाहीं म्हणून तीं अपुरीं, असें म्हणण्याची इंग्रजी शिकलेल्या लोकांत एके काळीं रीत होती. आम्हीही ती पाळली. परंतु खुणांनीं ऋतु सांगणें ही एक भाषा आहे, आणि ती भाषा युरोपही शतकेंच्या शतकें बोलत होता, हें त्या टीकाकारांच्या ध्यानांत आलें नाहीं.

या भाषेंत हवा मिसळली ती थोरल्या ब्रॉयगेलनें. १५६५ मध्यें अँटवर्पमधील योंगेलिंक नांवाच्या एका धनिकाच्या घरासाठीं त्यानें वर्षाचे काळ दाखविणारी चित्रमाला काढली. तिच्यांतील पांच चित्रें आज उरलीं आहेत: तीन व्हिएन्नांत, एक प्रागमध्यें व एक न्यूयॉर्कमध्यें. शिकारी बर्फांतून घरीं परतत आहेत तें चित्र बहुतेकांनीं दिनदर्शिकेवर तरी पाहिलें असेल. एवढी कुत्र्यांची झुंड, आणि खांद्यावर एकच कोल्हा! पण त्या दरिद्री शिकारीपेक्षां लक्षांत राहतें तें आकाश. हिरवट करड्या रंगाचें तें आकाश खालच्या गोठलेल्या तळ्यांवर तसेंच उतरलें आहे, आणि त्यामुळें वर आणि खालीं एकच थंडी आहे असें वाटतें. १५६४-६५ चा हिंवाळा युरोपांत अतिशय कडक झाला होता. न्यूयॉर्कच्या चित्रांत उलट गव्हाचें पिवळें रान आहे; झाडाखालीं पाय पसरून एक कापणीवाला घोरत पडला आहे आणि दूरची खाडी उन्हाच्या वाफेंत विरून गेली आहे. माणसांचीं कामें येथेंही आहेतच; परंतु क्षणभर तीं झांकून ठेवलीं तरी महिना ओळखूं येतो.

यानंतरचीं अडीचशें वर्षें आम्ही झपाट्यानें ओलांडणार आहों. डचांनीं सपाट भूमीवर मोठें आकाश मांडलें, आणि इटलींत राहणाऱ्या फ्रेंचांनीं सोनेरी संध्याकाळ इतकी गोड केली कीं पुढें ती सर्व ऋतूंना सरसकट लागूं झाली. अठराव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडांतील रसिकाला निसर्गचित्र आवडे तें तपकिरी. जुन्या वार्निशानें काळवंडलेल्या चित्रांची ती नक्कल होती. जॉन कॉन्स्टेबल याला सर जॉर्ज बोमंट नांवाच्या एका उमरावानें सल्ला दिला कीं, चित्राचा सूर जुन्या फिड्लच्या रंगाचा असावा. कॉन्स्टेबल कांहीं बोलला नाहीं. त्यानें एक जुनें फिड्ल आणून घरासमोरच्या हिरवळीवर ठेवलें!

हा कॉन्स्टेबल १७७६ मध्यें सफोक प्रांतांत जन्मला. बाप धान्याच्या गिरण्यांचा मालक. त्यांत पाणचक्क्या होत्या तशी पवनचक्कीही होती, आणि तारुण्यांत कांहीं काळ तो स्वतः त्या धंद्यांत होता. पवनचक्कीवाल्यास आकाश पाहून चालत नाहीं, वाचावें लागतें. वावटळ येण्यापूर्वीं शिडें उतरविलीं नाहींत तर चक्की मोडते. तेव्हां ढग म्हणजे चित्राच्या वरच्या भागांत भरावयाचा कापूस, ही समजूत त्याच्याजवळ टिकणें शक्य नव्हतें. सुदैवानें त्याच सुमारास ढगांना नांवेंही मिळालीं. ल्यूक हॉवर्ड नांवाच्या एका औषधें तयार करणाऱ्या गृहस्थानें १८०२ मध्यें लंडनांत व्याख्यान देऊन ढगांचें पुंजके, थर व तंतु असें वर्गीकरण मांडलें. आजही शाळेंत शिकवितात तें त्याच पायावरचें. कॉन्स्टेबलजवळ या शास्त्रावरील एक ग्रंथ होता व त्याच्या समासांत त्यानें आपले आक्षेप लिहून ठेवले आहेत. १८२१ व १८२२ या दोन वर्षांत हॅम्पस्टेडच्या टेकडीवर उभें राहून त्यानें नुसत्या आकाशाचे कित्येक अभ्यास तैलरंगांत केले. त्यांतील अनेकांत खालीं जमीनच नाहीं. पाठीमागें मात्र तारीख, तास, वाऱ्याची दिशा आणि नंतर पाऊस आला कीं नाहीं, हें टिपलेलें असे. चित्राची पाठ वेधशाळेच्या वहीसारखी असावी, हें पूर्वीं कोणी पाहिलें नव्हतें.

तो हॅम्पस्टेडला राहावयास गेला तो चित्रांसाठीं नव्हे. त्याची पत्नी मरायाया हिला क्षयाची बाधा होती आणि लंडनच्या धुरापेक्षां टेकडीवरची हवा तिला मानवेल अशी आशा होती. हवा कशी आहे, वारा कोठून आहे, हा प्रश्न त्या घरांत दररोज दोन अर्थांनीं विचारला जात असला पाहिजे, असें आम्हांस तीं टिपणें वाचतांना वाटतें. १८२८ मध्यें ती गेली. त्यानंतरच्या त्याच्या आकाशांत वादळ वाढलें, हें मात्र कोणीही पाहून घ्यावें.

लोकांनीं त्याची थट्टाही केली. फ्यूझेली नांवाचा अकादमींतील एक विनोदी प्राध्यापक त्याचीं चित्रें पाहावयास निघतांना दरवानाकडे छत्री मागे. आपल्याकडील वाचकाला या थट्टेंतली स्तुति चटकन् कळेल. पावसाळ्याचें चित्र पाहून छत्री आठवावी, यापेक्षां चित्रकाराला आणखी काय पाहिजे? १८२४ मध्यें त्याचें ‘गवताची गाडी’ हें चित्र पॅरिसच्या प्रदर्शनांत मांडलें गेलें, त्यास फ्रान्सच्या राजानें सुवर्णपदक दिलें, आणि तेथील तरुण चित्रकारांचे डोळे उघडले. इंग्लंडांत मात्र तो हयातींत उपेक्षितच राहिला.

फ्रान्समध्यें पुढें जें घडलें त्यास एका क्षुल्लक वस्तूनें फार मदत केली. तोंवर तयार तैलरंग डुकराच्या मूत्राशयाच्या पिशवींत बांधून ठेवीत. ती टोंचून रंग काढावयाचा, मग भोंक बंद करावयाचें, आणि तरीही रंग वाळावयाचा. १८४१ मध्यें रँड या अमेरिकन चित्रकारानें दाबून रंग काढावयाच्या कथलाच्या नळीचें पेटंट घेतलें. रंगांची पेटी खांद्याला लावून शेतांत जाणें सोपें झालें.

मोने १८४० मध्यें पॅरिसला जन्मला, पण वाढला ल हाव्र बंदरांत. समुद्राकांठीं उघड्यावर बसून रंगवावयास त्याला बूदँ या वडील चित्रकारानें शिकविलें. १८६८-६९ च्या हिंवाळ्यांत त्यानें बर्फाच्छादित कुंपण आणि फाटकावर बसलेला एक पक्षी एवढेंच चित्र काढलें. बर्फावरच्या सावल्या त्यांत निळ्या आहेत. १८६९ च्या सरकारी प्रदर्शनांतून तें परत आलें. सावली म्हणजे काळसर, तपकिरी, हा शिरस्ता; निळी सावली म्हणजे चित्रकाराच्या डोळ्यांचा विकार! वास्तविक यांत नवल कांहीं नाहीं. सूर्याचा सरळ उजेड अडला कीं सावलींत पोहोंचतो तो उघड्या आकाशाचा उजेड, आणि बर्फाला स्वतःचा रंग नसल्यामुळें तें आकाशाचाच निळा परत देतें. परंतु ठाऊक असलेलें न काढतां दिसत असलेलें काढावयास धैर्य लागतें.

त्या धैर्याची एक बाजू भीषण आहे. १८७९ च्या सप्टेंबरांत मोनेची पत्नी कामीय बत्तिसाव्या वर्षीं वारली. घरांत दोन मुलें, डोक्यावर कर्ज. तिच्या मृतशय्येजवळ बसला असतां, मृत्यु तिच्या मुखावर निळा, पिवळा, करडा असे रंग कसकसे आणीत आहे, हें आपले डोळे आपण होऊन टिपूं लागले आहेत, असें त्याच्या ध्यानांत आलें. त्यानें तें चित्रही काढलें; आणि घाण्याला जुंपलेल्या जनावरासारखी आपली गति झाली आहे, अशा आशयाची कबुली त्यानें पुष्कळ वर्षांनीं आपला मित्र क्लेमांसो याच्यापाशीं दिली. त्या पाठोपाठ आलेला हिंवाळा असा कडक होता कीं सेन नदी गोठली. १८८० च्या जानेवारींत बर्फ फुटून त्याचे थर वाहूं लागले, तेव्हां हा विधुर नदीकांठीं उभा राहून तेंही रंगवीत होता. आमच्यांतील कांहीं जणांस हें निष्ठुरपणाचें वाटेल. आम्हांस तसें वाटत नाहीं. पण वाचून मन स्वस्थ राहिलें असेंही म्हणवत नाहीं.

१८८३ मध्यें तो झिव्हेर्नी या खेड्यांत राहावयास गेला. घरामागच्या शेतांत शेजाऱ्याच्या सुड्या उभ्या होत्या. १८९० च्या उन्हाळ्याच्या अखेरीस त्यानें तीं चित्रें आरंभिलीं, तीं पुढील वर्षाच्या आरंभापर्यंत चाललीं. त्यानें स्वतः सांगितलेली हकीकत अशी: दोन फलक पुरेत असें त्याला वाटलें होतें, एक उन्हाचा व एक ढगाळ दिवसाचा. परंतु चित्र निम्म्यावर येतें न येतें तों उजेड बदलला. सावत्र मुलगी ब्लांश बरोबर होती. तिला त्यानें घरून आणखी एक फलक आणावयास सांगितलें. थोड्या वेळानें आणखी एक. असें करतां करतां फलकांची रास झाली, आणि ज्या उजेडाचा फलक तोच त्या वेळीं पुढें घ्यावयाचा असा क्रम बसला. त्या ऑक्टोबरांत एका मित्राला लिहिलेल्या पत्रांत त्याची तक्रार आहे कीं, सूर्य इतक्या लौकर खालीं जातो कीं त्याचा पाठलाग करवत नाहीं.

ही हकीकत इतकी गोड आहे कीं तिच्यावर सर्वस्वीं विसंबूं नये. सर्व चित्रें शेतांत, त्या त्या घटकेलाच पुरीं झालीं, असा समज पुष्कळ दिवस होता. तज्ज्ञांनीं चित्रांची आंतून तपासणी केली तेव्हां रंगाचे अनेक थर, सुडीच्या बदललेल्या कडा आणि सरकविलेल्या सावल्या आढळल्या. म्हणजे कांहीं मिनिटांचा तो उजेड घरांतल्या चित्रशाळेंत आठवडेच्या आठवडे आठवून, शेजारच्या चित्राशीं ताडून पाहून बसविला होता. आमच्या मतें यानें मोनेची किंमत घटत नाहीं. क्षण टिपणारा डोळा पुष्कळांना असतो. तो गेल्यावर त्याचा हिशेब चोख ठेवणारा विरळा.

१८९१ च्या मे महिन्यांत पॅरिसला द्यूरां-रुएल या व्यापाऱ्याच्या दालनांत सुड्यांचीं पंधरा चित्रें एकत्र मांडलीं गेलीं, आणि तीं भराभर विकलीं गेलीं. त्याच वर्षीं मोने एप्त नदीकांठच्या पॉप्लर झाडांचीं चित्रें काढीत होता, तों तीं झाडें लिलांवांत निघालीं. त्यानें लांकडाच्या व्यापाऱ्याशीं संधान बांधून, आपलीं चित्रें पुरीं होईतों झाडें उभीं ठेवण्यासाठीं पदरचे पैसे भरले. १८९६ मध्यें मॉस्कोच्या एका प्रदर्शनांत कांडिन्स्की नांवाच्या एका तरुण कायदेपंडितानें सुडीचें चित्र पाहिलें. ती काय वस्तु आहे हें त्याला ओळखूं आलें नाहीं, सूचीपत्रांत पाहावें लागलें, आणि तरी चित्र मनांतून जाईना. पुढें त्यानें कायदा सोडला आणि वस्तु नसलेलीं चित्रें काढणाऱ्यांचा तो अग्रणी झाला. २०१९ मध्यें या मालेंतील एक चित्र न्यूयॉर्कला लिलांवांत अकरा कोटी डॉलरांहून अधिक किंमतीला गेलें. त्यांतल्या गव्हाची किंमत कोणी विचारली नसेल.

येथें आमच्या जुन्या भाषणांतील एक मुद्दा अजून शिल्लक राहतो. मोनेच्या आधीं सुडी काढणारा थोर फ्रेंच चित्रकार मिये. तो शेतकऱ्याचा मुलगा. १८५७ मधल्या त्याच्या ‘सरवा वेंचणाऱ्या’ या चित्रांत तीन बायका वांकून पडलेल्या लोंब्या वेंचीत आहेत, आणि उन्हांत न्हालेल्या भरगच्च सुड्या दूर, मागें आहेत. तेथला उजेडही वांटून दिलेला आहे: मालकाच्या सुडीला ऊन, सरवा वेंचणारीच्या पाठीला छाया. मोनेनें त्या सुड्या पुढें आणल्या, त्यांवर जगांतला सगळा उजेड ओतला, आणि माणसें नाहींशीं झालीं. लिंबुर्ग बंधूंच्या पानावर ऋतु म्हणजे माणसाचें काम होतें. साडेचार शतकांनीं काम गेलें, नुसता ऋतु राहिला. या प्रवासांत जें मिळालें तें अमोल आहे हें आम्ही आतां जाणतों, पण जें गेलें त्याची चुटपुट आमच्यानें टाकवत नाहीं. तरुणपणीं आम्ही रागावलों तें सर्वस्वीं चुकीच्या गोष्टीसाठीं रागावलों नव्हतों.

शिवाय उजेड म्हणजे केवळ देवाघरचा, असेंही नाहीं. १८९९ ते १९०१ या काळांत मोने हिंवाळ्यांत लंडनला जाऊन थेम्स नदी रंगवी, तो तेथील धुक्याच्या ओढीनें. २०२३ मध्यें प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनांत टर्नर व मोने यांच्या चित्रांतील रेषांचा धूसरपणा मोजून दगडी कोळशाच्या धुराच्या वाढीशीं तो ताडून पाहिला आहे, आणि दोहोंचा मेळ बसतो. ज्या धुरापासून मरायायाला दूर न्यावें म्हणून कॉन्स्टेबल टेकडीवर गेला, त्याच्याच वाढत्या वंशजासाठीं मोने समुद्र ओलांडून आला!

आपल्याकडे मुंबईच्या कलाशाळेच्या द्वारें, जी १८५७ मध्यें निघाली, पाश्चात्य निसर्गचित्रणाची ही विद्या आली. त्या शाळेंत शिकून कोल्हापुरास परतलेले आबालाल रहिमान कोटितीर्थाच्या तळ्याकांठीं राहिले आणि तेंच पाणी, तींच झाडें त्यांनीं पुनःपुन्हां रंगविलीं. ते १९३१ मध्यें वारले. त्यांचें काम आमच्या मुलांच्या पाठ्यपुस्तकांत कोठें दिसत नाहीं. तेथें अद्यापि दोन डोंगरांमधून उगवणारा सूर्य आहे, बाराही महिने एकाच रंगाचा.

त्या सुटींत आम्हीं आप्पांपुढें चित्रांच्या आठ प्रती पसरल्या होत्या. मागचीं तारीखवार नांवें झांकून, यांचा क्रम लावा असें आम्ही सहज म्हटलें. त्यांनीं झाडें पाहिलीं, सावल्यांची लांबी पाहिली, आणि सात चित्रें मांडलीं; दोनच इकडचीं तिकडे झालीं होतीं. आठवें त्यांनीं बाजूला ठेवलें.

“हें रात्रीचें दिसतें,” ते म्हणाले. “चांदणें पडलें आहे.”

तें बर्फाचें सकाळचें चित्र होतें. आम्हीं त्यांना तसें सांगितलें. त्यांनीं प्रत पुन्हां डोळ्यांजवळ नेली.

“असेल बाबा. बर्फ मी कुठें पाहिला आहे? पण सावली निळी आहे, ती चांदण्यांतच असते.” मग थोड्या वेळानें विचारलें, “आणि मळणी? ती झाली कीं नाहीं शेवटीं?”

त्या वर्षाच्या आरंभानंतरचीं चित्रें नाहींत, त्या अर्थीं यंत्र आलें असावें, असें आम्हीं म्हणालों. आप्पांनीं चष्मा काढून खिशांत ठेवला, आणि ते गोठ्याकडे गेले.